जायफळाचे सहा वेढे

"पोरीले काय देलं होतं?" हा प्रश्न वासंतीबाई पोंक्ष्यांना विचारला गेला तेव्हा त्या जमिनीपासून तेहतीस हजार फुटांवर होत्या. मांडीवर पावणेदोन वर्षांची नात शाल्मली निपचित पडली होती, शेजारी सून उभी होती, आणि आजूबाजूच्या चार रांगांमधली माणसं जेवायची थांबली होती. पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर जमीन होतीच कुठे? मूल कुणाचंही असो, त्याला काय द्यायचं आणि काय नाही हे लोक वासंतीबाईंना विचारत. वासंतीबाईंना कुणी जाब विचारल्याचं निदान कोथरूडमध्ये तरी कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ही चूक एखाद्या अजाण बाईने केली असती तर ती मुद्दाम सांगत बसण्याचं कारण नव्हतं. पण वासंतीबाईंनी एकतीस वर्षं बालवाडी चालवली होती. कोथरूडला रिक्षावाले यायला नाही म्हणायचे तेव्हापासून. (नाही ते अजूनही म्हणतात, फक्त कारणं बदलली.) एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये सतरंज्या अंथरून सुरू केलेल्या त्या बालवाडीतून दोन पिढ्या बाहेर पडल्या. रडणारं मूल त्यांच्याजवळ गेलं की गप्प होई, आणि गप्प मूल बोलायला लागे. रडण्यावरून पोट दुखतंय की आईची आठवण येतेय हे त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. "मुलांचं मला कळतं," हे वाक्य त्या फुशारकीने म्हणत नसत. आपलं नाव वासंती आहे हे सांगावं इतक्या साधेपणाने म्हणत. त्यामुळेच ते जास्त लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोथरूडमध्ये एक नवी साथ आली. घराघरांतली मुलं संगणकावर बसली आणि तिथून उठली ती थेट अमेरिकेत. मग त्यांच्या मागून बायका निघाल्या, कडेवर वर्ष-दोन वर्षांची पोरं घेऊन. या बायका म्हणजे बहुतेक बाईंच्या सतरंजीवर बसून गेलेल्या मुलीच. व्हिसाची मुलाखत झाली की त्या पेढे घेऊन बाईंकडे यायच्या आणि विचारायच्या, "बाई, बावीस तास या कार्ट्याला सांभाळू कशी?"

बाई तोवर बेळगावच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. पण मूल विमानात बसलं म्हणून त्याचं माकड व्हायचं थांबत नाही, हे समजायला विमानात बसावं लागत नाही. त्या सांगायच्या, चार दिवस आधी नखं काप, आदल्या दिवशी नको, बोट कापलं तर प्रवासभर रडेल. नवे बूट घालू नकोस. लालभडक सदरा घाल, गर्दीत सुटलं तर लांबून दिसेल, आणि आतून एक कापडाची पट्टी शिवून त्यावर नाव आणि दोन्हीकडचे फोन लिही. विमान चढताना-उतरताना कान दुखतात, तेव्हा बाटली तोंडात दे. भूक लागली म्हणून आधीच पाजून बसू नकोस. चार क्षुल्लक खेळणी आण, प्रत्येक कागदात गुंडाळ, आणि दोन तासांनी एकेक काढ. खेळणं पाच मिनिटं चालतं, कागद अर्धा तास. शी-शूची शिस्त प्रवासापुरती विसर. आणि स्वतःचा एक जास्तीचा कुर्ता हाताशी ठेव, कारण मूल ओकतं ते नेहमी आईवर.

पोरी हे लिहून घ्यायच्या, आणि तिकडून फोन यायचा, "बाई, कागदाचं अगदी खरं निघालं."

पुढे बाईंच्या घरातच ही वेळ आली. मुलगा केयूर न्यू जर्सीला गेला त्याला आठ महिने झाले होते. सून वल्लरी कर्वे रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचं काम संपून ती निघेपर्यंत दोन हजार सालचा मे उजाडला. एकटीने पोरीला नेण्याची तिला धास्ती वाटत होती, म्हणून बाईंनी सोबत जायचं ठरलं. यजमान दिगंबरपंतांनी येण्यास नकार दिला. "मी आलो तर घराला कुलूप लागेल," ते म्हणाले, "आणि मग ते उघडायला चोरांना त्रास."

आता सासू-सुनेविषयी सांगायला हवं. दोघींचं उत्तम होतं. वल्लरी कधी आवाज चढवून बोलली नाही, बाईंनी कधी टोमणा मारला नाही. "अहो आई" आणि "अगं वल्लरी" यापलीकडे घरात सूर गेला नाही. सोसायटीत त्यांचं उदाहरण द्यायचे. पण पुण्यात भांडण ऐकू येत नसलं म्हणजे गोडवा आहे असं समजू नये. कित्येकदा बोलणंच नसतं.

झालं होतं ते एवढंच. शाल्मली चार महिन्यांची असताना बाई रोज सहाण मांडून बाळगुटी उगाळायच्या. वेखंड, हळकुंड, जायफळ, सगळं वेढ्यांच्या हिशेबाने. म्हणजे ते सहाणेवर किती वेळा गोल फिरवायचं त्यावर मात्रा ठरायची. एक दिवस वल्लरी अगदी हळू म्हणाली, "आई, आपण काहीही देताना डॉक्टरांना विचारूनच देऊ या का?" बाई म्हणाल्या, "हो, विचारू या ना." त्याच दुपारी सहाण माळ्यावर गेली. पुन्हा तो विषय निघाला नाही. वल्लरीला वाटलं, आईंना पटलं. बाईंना वाटलं, एकतीस वर्षं पाण्यात गेली.

प्रवासाची तयारी दोघींनी मिळून केली, म्हणजे दोघींनी वेगवेगळी केली. वल्लरीने ऑफिसातून इंटरनेटवरच्या सूचना छापून आणल्या होत्या, चांगली सहा पानं. बाईंची यादी डोक्यात होती. "तुमच्याही सूचना छान आहेत," बाई म्हणायच्या. "नाही नाही, तुमच्या जास्त उपयोगी आहेत," वल्लरी म्हणायची. वल्लरीच्या पानांत एक ओळ होती, की फार चळवळ्या मुलासाठी डॉक्टरांना विचारून सौम्य झोपेचं औषध जवळ ठेवावं. तिने विचारलं. डॉक्टरांनी सर्दीवरचं एक सरबतासारखं औषध लिहून दिलं, अर्धा चमचा, एकदाच, आणि सोबत दुसरं काही देऊ नका म्हणाले. वल्लरीने बाटली पर्समध्ये ठेवली आणि घरी सांगितलं नाही. औषध पाजून मूल झोपवायचं म्हटल्यावर बालवाडीच्या बाई काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत, नुसत्या बघतील. ते बघणं तिला नको होतं.

बाईंनी पैशाच्या पाकिटाच्या छोट्या कप्प्यात एक जायफळ टाकलं आणि त्यांनीही सांगितलं नाही.

विमान मुंबईहून सकाळी साडेनऊचं होतं, म्हणून दोघी आदल्या दिवशीच पार्ल्याला बाईंच्या नणंदेकडे जाऊन राहिल्या. सकाळी वल्लरी आंघोळीला गेली तेव्हा बाईंनी नणंदेची सहाण मागून घेतली. जायफळाच्या दोन वेढ्यांनी पोर दोन-अडीच तास झोपते, हा अनुभव. इंग्लंडपर्यंतचं विमान नऊ तासांचं. बाईंनी गणित केलं. आयुष्यभर शेकडो आयांना "अति तिथे माती" म्हणून सांगणाऱ्या बाईंनी ते गणित शांतपणे केलं, आणि सहाणेवर जायफळ सहा वेळा फिरवलं. नऊ वेढे घातले नाहीत हा आपला संयमच आहे, असंही त्यांना वाटलं. गोड दुधात ते मिसळलं. पोरीने वाटी दोन्ही हातांनी धरून सगळं संपवलं आणि जिभेने ओठ पुसले.

विमानतळावर तपासण्या झाल्यावर वल्लरी पोरीला घेऊन हातपाय धुवायला गेली आणि पाच मिनिटांनी परतली.

विमान हलायच्या आत शाल्मली झोपली. शेजारच्या बाकावरचे गुजराती गृहस्थ म्हणाले, "बहुत अच्छी बच्ची है." दोघी एकदमच हसल्या, आणि दोघींनाही मनातून वाटलं की हे श्रेय आपलं. जेवण आलं, गरम असतानाच पोटात गेलं. वल्लरीने एक पूर्ण सिनेमा पाहिला. बाईंनी खिडकीतून ढग बघितले. ते वरून दिसतात ही गोष्टच त्यांना विलक्षण वाटली. कागदात गुंडाळलेली चार खेळणी पिशवीतच राहिली.

चौथा तास उलटल्यावर दुसऱ्यांदा जेवण वाटलं गेलं, तेव्हा बाईंनी पोरीचा हात उगीच उचलला आणि सोडला. तो खाली पडला.

दुपारी सतरंजीवर झोपणारी हजारो मुलं त्यांनी पाहिली होती. झोपलेल्या मुलाचा हात उचलला तर ते तो ओढून घेतं, निदान बोटं तरी मिटतं. हा हात ओल्या फडक्यासारखा पडला. त्यांनी हाक मारली. गालाला हात लावला. मग तळपायाला नख लावलं. हा त्यांचा हुकमी उपाय, याने कुंभकर्णही उठला असता. पोर उठली नाही. ओठ कोरडे पडले होते, चेहरा लाल होता, आणि श्वास? श्वास चालू होता, पण दोन श्वासांच्या मधे इतका वेळ जात होता की बाईंना वाटलं, आता पुढचा येतच नाही.

"वल्लरी," त्या म्हणाल्या. एवढंच. वल्लरीने कानातला हेडफोन काढला, पोरीकडे पाहिलं आणि इतक्या मोठ्याने "शमू!" म्हणून ओरडली की पुढच्या तीन रांगा वळल्या. या मुलीला इतका आवाज आहे हे बाईंना लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.

हवाईसुंदरी धावत आली. माइकवरून विचारणा झाली, विमानात कुणी डॉक्टर आहे का. डॉक्टर नव्हता. मागून एक पन्नाशीची ठेंगणी बाई स्वेटरच्या बाह्या वर सारत आली. तिचं नाव नंदा. मूळची वर्ध्याची, वीस वर्षं इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. तिने पोरीच्या पापण्या उघडून पाहिल्या, छातीवर कान ठेवला, घड्याळ लावून श्वास मोजले. पिशवीवरचं नाव वाचून तिने थेट मराठीत विचारलं.

"पोरीले काय देलं होतं?"

वल्लरी बाईंकडे न बघता म्हणाली, "झोपेचं औषध. डॉक्टरांनी दिलेलं. अर्धा चमचा." आणि तिने बाटली काढून दिली.

वासंतीबाई हादरल्या. या मुलीने, सहा पानं छापून आणणाऱ्या, काहीही डॉक्टरांना विचारून देऊ या म्हणणाऱ्या मुलीने, आपल्याला न सांगता पोरीला औषध पाजलं! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, ज्याची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटली. त्यांना हायसं वाटलं. म्हणजे हे हिच्यामुळे झालं. माझ्यामुळे नाही.

नंदाने बाटलीवरचं बारीक वाचलं. "अर्ध्या चमच्यानं पोरगी अशी नाही होत," ती म्हणाली. "अजून काही देलं का? लपवू नका जी. इतकंच असन तर मी इथंच लक्ष ठेवतो. अजून काही असन तर मले कॅप्टनले सांगा लागते."

वल्लरीने आता सासूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

वासंतीबाईंनी तोंड उघडलं नाही.

हे किती वेळ चाललं? जेवणाच्या रिकाम्या थाळ्या गोळा करणारी गाडी पलीकडच्या वाटेने दोन रांगा पुढे सरकली, एवढा वेळ. फार नाही. पण तेवढ्या वेळात वासंती पोंक्षे या बाईने, जिच्या नावावर कोथरूडमधल्या आया डोळे मिटून विश्वास टाकत, मांडीवर नात असताना स्वतःच्या नावाचा विचार केला. केयूरला काय सांगणार. दिगंबरपंत काय म्हणतील. सोसायटी काय म्हणेल. आणि बाटली तर आता सगळ्यांनी पाहिलीच आहे. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

मांडीवरच्या पोरीच्या पोटाची हालचाल थांबली. बाईंनी वाट पाहिली. थांबलेलीच होती. मग एकदम एक खोल, घरघरता श्वास आला.

"जायफळ," बाई म्हणाल्या. "मी दिलं. सकाळी. सहा वेढे."

नंदा वर्ध्याची होती, वेढे म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. "माय माय माय," ती पुटपुटली आणि हवाईसुंदरीला इंग्रजीत भराभर काहीतरी सांगत पुढे पळाली.

पुढचं सगळं बाईंना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पोरीच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा आला, तो तिच्या अख्ख्या चेहऱ्याएवढा होता. नंदा तिला कुशीवर धरून पाठ चोळत होती, चिमटे काढत होती, आणि दर चिमट्याला पोर किंचित कण्हली की "शाब्बास" म्हणत होती. कॅप्टन जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलला. मग माइकवर सांगितलं गेलं, की एका आजारी बाळामुळे विमान वाटेत इस्तंबूलला उतरतं आहे. तीनशे माणसं, त्यांच्या पुढच्या गाड्या, लग्नं, मुलाखती, सगळं एका जायफळापायी भलत्याच देशात उतरणार होतं. गुजराती गृहस्थांनी हात जोडून डोळे मिटले. कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि बाईंना वाटत होतं की कुणीतरी उठावं आणि आपल्या थोबाडीत मारावी.

इस्तंबूलच्या इस्पितळात डॉक्टर तरुण होता आणि त्याला इंग्रजी बेताचं येत होतं. औषधाची बाटली त्याला कळली. दुसरं काय, हे कळेना. वल्लरी शब्द शोधत राहिली. शेवटी बाईंनी पाकिटाच्या कप्प्यातून जायफळ काढलं, दुसऱ्या हाताचा तळवा सहाणेसारखा पुढे धरला आणि त्यावर ते फिरवून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. डॉक्टर त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जायफळ त्यांच्या हातातून काढून घेतलं.

पोरीला नळ्या लावल्या. धोका आहे की नाही हे डॉक्टर सांगेना, फक्त म्हणे, वेट. वेट म्हणजे थांबा हे बाईंना कळत होतं. थांबायचं कुठे आणि कसं, हे कळत नव्हतं. बाहेरच्या बाकावर दोघी एकमेकींच्या शेजारी बसल्या. वल्लरीने केयूरला फोन करून दोन वाक्यांत सांगितलं. "आम्ही दोघींनी तिला झोपेचं दिलं. दोघींनी." मग ती फोन ठेवून परत येऊन बसली.

बाईंना ते "दोघींनी" सहन झालं नाही. "वल्लरी," त्या म्हणाल्या, "तू अर्धा चमचा दिलास, तो डॉक्टरांना विचारून दिलास. मी जे केलं ते वेगळं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिने विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तुझ्यावर ढकलून मी गप्प बसले होते. समजलं का तुला?"

"मला माहीत होतं," वल्लरी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"जायफळ." ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "विमानतळावर तिचं तोंड पुसताना मला वास आला. लगेच कळलं. डॉक्टर म्हणाले होते, सोबत दुसरं काही नको. मी विचार केला, आईंचं ते उगाळलेलं, त्याने काय होणार आहे? त्याने काही होत नाही, हेच दाखवायचं होतं मला. मी चमचा भरला, आई. वास येत असताना भरला."

बाईंचा हात आपोआप तोंडावर गेला.

"आणि नर्सने विचारलं तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. चारचौघांत सासूचं नाव कसं घ्यायचं? म्हणून मी नाही म्हटलं." ती बाईंकडे वळली. "आई, माझी पोर श्वास घेत नव्हती आणि मी तुमचा मान राखत होते. काय बाई आहे मी?"

वासंतीबाईंना आजवर या मुलीने दिलेला प्रत्येक मान आठवला. प्रत्येक वाकून केलेला नमस्कार, प्रत्येक "तुमच्या जास्त उपयोगी आहेत". आणि आपण परत केलेला प्रत्येक गोड शब्द. एका पोरीचा जीव त्या सगळ्या गोडव्याच्या तळाशी सापडला होता. त्यांना शिसारी आली, सुनेची नाही, त्या घराची, ज्याचं लोक उदाहरण देत.

"मूर्ख आहेस तू," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सुनेशी असं बोलल्या. "अक्कल गहाण टाकली होतीस का? माझं नाव घ्यायचं सोडून तू..."

"आणि तुम्ही?" वल्लरी उसळली. "सहा वेढे? सहा? दोन वर्षांची पण नाहीये ती! एकतीस वर्षं काय शिकवत होतात तुम्ही लोकांना?"

दोघी भांडल्या. परक्या देशातल्या इस्पितळाच्या बोळात, पुणेरी मराठीत, वर्षानुवर्षांचं सगळं उकरून. सहाण, माळा, छापलेली पानं, न विचारता टोचलेले कान, कापून टाकलेलं जावळ. एक परिचारिका येऊन बोट ओठांवर ठेवून गेली. त्या थांबल्या नाहीत. रडत रडत भांडल्या आणि दमल्यावर तिथेच एकमेकींवर कलंडून बसून राहिल्या.

शाल्मली दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जागी झाली. डॉक्टरने बोटांनी सगळं ठीक असल्याची खूण केली. बाईंनी दुधाचा पेला तिच्या ओठांशी नेला. पोरीने पेल्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि म्हणाली, "नको."

वासंतीबाई पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वल्लरीने तो त्यांच्या हातून घेतला.

सहा महिने न्यू जर्सीला राहून बाई कोथरूडला परत आल्या. पेढे घेऊन पोरी येतच राहिल्या, आता तर बाई खुद्द अमेरिका पाहून आलेल्या. बाई सगळ्यांना सगळं सांगत. नखं, सदरा, कागद, आणि मग, "मी माझ्या नातीला मारायला निघाले होते," असं म्हणून जायफळाची गोष्ट. काही लपवत नसत, गाडी दोन रांगा सरकेपर्यंत गप्प बसल्याचंसुद्धा. दिगंबरपंत म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? लोक यायचे बंद होतील." काही झालेही. एका जुन्या विद्यार्थिनीने सोसायटीत सांगितलं, की पोंक्षेबाईंचं डोकं तिकडे जाऊन फिरलं. न्यू जर्सीहून फोन आला की सासू-सुनेची कडाक्याची जुंपे, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या लोकांना वाटे, काय हे, इतकं चांगलं घर होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात विश्रांतवाडीहून दोन बस बदलून सुशीलाबाई आल्या, सून पूर्णिमाला आणि दीड वर्षाच्या नातवाला घेऊन. मूळचे लातूरकडचे. मुलगा संतोष जर्मनीत कंपनीच्या कामाला गेलेला, आता या दोघी बाळाला घेऊन त्याच्याकडे निघाल्या होत्या. कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं होतं. सुशीलाबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमची सून लई गुणाची. आजवर एका शब्दानं उलटून बोलली नाही बघा."

"आईच खूप समजूतदार आहेत," पूर्णिमा खाली बघत म्हणाली.

वासंतीबाईंना हा गोडवा ओळखीचा होता. त्यांनी इस्तंबूलची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही बाळाला झोपायला काय देणार?"

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

बाईंनी पूर्णिमाला पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून तोच प्रश्न विचारला. पूर्णिमाने घुटमळत पर्स उघडली आणि औषधाची एक बाटली दाखवली. "आईंना सांगू नका हं, प्लीज," ती कुजबुजली. बाई बाहेर आल्या. सुशीलाबाईंना गॅलरीत नेलं. सुशीलाबाईंनी इकडेतिकडे बघत कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली. "गावाकडची हाय," त्या म्हणाल्या, "सुनेला म्हाईत नाही. तिला आवडत नाही न, म्हणून बोलले नाही."

इतकी गोष्ट ऐकून, रडून झाल्यावरसुद्धा! बाईंनी सुशीलाबाईंचा दंड धरून त्यांना आत आणलं, पूर्णिमाला बाहेर बोलावलं, आणि दोघींना समोरासमोर बसवलं. बाळ मधे सतरंजीवर खेळत होतं.

"बाटली काढ," त्या पूर्णिमाला म्हणाल्या. "आणि तुम्ही पुडी काढा."

दोघींच्या वस्तू सतरंजीवर आल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुशीलाबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. पूर्णिमाने पदर सारखा केला. कुणी बोलेना. दोघींनाही एकमेकींचा मान राखायचा होता.

वासंतीबाईंनी खाली वाकून बाळाला उचललं आणि स्वतःच्या मांडीवर घट्ट धरलं. "तुम्ही दोघी कडाकडा भांडेपर्यंत," त्या म्हणाल्या, "हे मूल मी परत देणार नाही."